मधुमेहात किडनी बिघडते तेव्हा पेशींमधली एन्झाइम्स काय करतात, आणि ती अडवून किडनी वाचते का?

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील 64 वर्षांचे, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. मधुमेह बरीच वर्षं आहे. आता रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) 1.8 आलं आहे, लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (लघवीतून किती प्रथिन गळतं त्याचं माप) 900 आहे, वरचा रक्तदाब 150 च्या आसपास राहतो. रोजच्या गोळ्या म्हणजे मेटफॉर्मिन दिवसाला 2000 मिलिग्रॅम, लोसार्टन 25 आणि अम्लोडिपिन 5. नातू बायोटेक्नॉलॉजी शिकतो. त्याने वाचलं की मधुमेहात किडनी खराब होण्यामागे प्रोटीन कायनेज सी, एमटॉर अशी एन्झाइम्स (पेशीतली कामं घडवून आणणारी प्रथिनं) असतात आणि ती अडवणारी औषधंही तयार झालेली आहेत. मग ती आजोबांना का देत नाहीत, असं त्याला विचारायचं आहे. शिवाय 'एएमपीके जागं करणारी' म्हणून विकली जाणारी, दारुहळदीच्या अर्काची कॅप्सूल घरात आलेली आहे. ती सुरू करू का, असं ताईंनी विचारलं आहे.

कॅप्सूल सुरू करू नका. नातवाने वाचलेलं मात्र बहुतांशी बरोबर आहे आणि त्याचा प्रश्न इतका चांगला आहे की दोन ओळींत त्याची बोळवण करणं मला पटणार नाही. मी ठाण्यात किडनीविकारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि हा प्रश्न आता निरनिराळ्या रूपांत रोज ऐकते.

पेशीच्या बाहेर साखर किती आहे, दाब किती आहे, कुठला हॉर्मोन आला आहे, ही खबर आत पोचवण्याचं काम ज्या एन्झाइमांकडे असतं त्यांतला सगळ्यात मोठा गट म्हणजे कायनेज. ती पेशीचं इंधन असलेल्या एटीपीमधला एक फॉस्फेट गट उचलतात आणि दुसऱ्या एखाद्या प्रथिनाला जोडतात. फॉस्फेट लागला की त्या प्रथिनाची घडण किंचित बदलते आणि त्याचं काम सुरू होतं, थांबतं किंवा त्याचा वेग बदलतो. फॉस्फेटेज नावाची एन्झाइम्स तोच फॉस्फेट काढून टाकतात. ही जोड-काढ उलटसुलट होऊ शकते, हे दाखवणाऱ्या एडविन क्रेब्ज आणि एडमंड फिशर यांना 1992 चं नोबेल मिळालं. माणसाच्या जनुकांमधल्या कायनेजांची यादी 2002 मध्ये तयार झाली तेव्हा आकडा 518 निघाला. यातलं एकही एन्झाइम किडनी नासवायला शरीरात आलेलं नाही. जखम भरणं, तुटलेली पेशी पुन्हा उभी करणं, उपाशीपोटी ऊर्जा वाचवणं ही सगळी कामं तीच करतात. मधुमेहात त्यांना थांबायची सूचना कधी मिळतच नाही. दुखणं तिथे सुरू होतं.

प्रोटीन कायनेज सीचंच घ्या. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. गाळणीतल्या केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या मेसँजियल पेशींना रक्तातली साखर आत येण्यापासून फारसं अडवता येत नाही. रक्तात साखर वाढली की पेशीतही वाढते. ती जाळताना मधल्या टप्प्यावर जो माल साचतो त्यातून डायअसाइलग्लिसरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ बनतो, आणि हाच पदार्थ प्रोटीन कायनेज सीला कामाला लावतो. एकदा ते कामाला लागलं की पेशी टीजीएफ-बीटा नावाचा निरोप्या रेणू सोडायला लागते. टीजीएफ-बीटा ज्या रिसेप्टरला (निरोप घेणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनाला) जाऊन चिकटतो तो रिसेप्टर स्वतःच एक कायनेज आहे. तो स्मॅड नावाच्या प्रथिनांना फॉस्फेट लावतो, ती केंद्रकात जातात आणि कोलॅजन बनवायचा हुकूम देतात. बोट कापलं तर हेच कोलॅजन जखम बांधून आणतं. गाळणीत मात्र ते साचत जातं, केशवाहिन्या आवळत जातात आणि काही वर्षांत तिथे नुसता व्रण उरतो.

त्याच वेळी गाळणीला बाहेरून आपल्या पायांनी धरून बसलेल्या पोडोसाइट पेशी बिघडतात. त्यांचे पाय अ‍ॅक्टिनच्या तंतूंवर उभे असतात आणि त्या तंतूंची रचना कायनेज आणि फॉस्फेटेज यांच्या तोलावर टिकते. तोल गेला की पाय पसरट होतात, पेशी सुटून लघवीत वाहून जाते, आणि गेलेली पोडोसाइट सहसा भरून निघत नाही. तुमच्या वडिलांच्या रिपोर्टमधला 900 हा आकडा इथून येतो. निरोगी माणसात तो 30 च्या खाली असतो. 300 च्या पुढे गेला की गाळणी चांगलीच गळते आहे असं आम्ही धरतो.

आता नातवासाठी एक गोष्ट, जी त्याच्या वाचनात बहुधा आली नसेल. प्रोटीन कायनेज सीला जागं करणारी साखर एकटीच नाही. अँजिओटेन्सिन-2 हा हॉर्मोनही पेशीवर येऊन बसला की तोच डायअसाइलग्लिसरॉल तयार करवतो आणि तेच कायनेज जागं होतं. लोसार्टन अँजिओटेन्सिनची ती जागाच अडवतं. म्हणजे आजोबांना कायनेज शांत करणारं औषध आधीपासून चालू आहे. फक्त ते पेशीच्या दारात काम करतं, आत शिरून नाही.

आत शिरून काम करणारी औषधंही आजमावून झाली आहेत. रुबॉक्सिस्टॉरिन हे प्रोटीन कायनेज सीचा बीटा प्रकार अडवायला बनवलेलं औषध. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत, 123 मधुमेही पेशंटमध्ये, वर्षभरात लघवीतलं अल्ब्युमिन सुमारे 24 टक्क्यांनी उतरलं. आम्ही सगळेच तेव्हा हुरळलो होतो. पुढे डोळ्यांच्या आजारासाठी याच औषधाच्या मोठ्या आणि लांब चाचण्या झाल्या. त्यांतल्या पेशंटच्या किडनीचं काय झालं हे तपासलं तेव्हा औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात फरक दिसला नाही. औषध बाजारात आलंच नाही. बॅरिसिटिनिब हे जॅक नावाची कायनेज अडवणारं औषध. संधिवातासाठी ते वापरतात. 2018 मध्ये छापून आलेल्या मधुमेही किडनीवरच्या चाचणीत त्यानेही अल्ब्युमिन 40 टक्क्यांच्या आसपास खाली आणलं, पण हिमोग्लोबिनही उतरलं. किडनीचं औषध म्हणून ते आज वापरात नाही.

एमटॉरची कहाणी मला यापेक्षा बोलकी वाटते. एमटॉर हे पेशीला 'वाढ' असं सांगणारं कायनेज. पॉलिसिस्टिक किडनी या आनुवंशिक आजारात किडनीभर पाण्याच्या गाठी वाढतात आणि त्या गाठींच्या पेशींमध्ये एमटॉर जोरात चालू असतं. उंदरांमध्ये ते अडवलं तर गाठी आक्रसत. ते अडवणारं औषधही हाताशी होतं, रॅपामायसिन ऊर्फ सिरोलिमस. त्याचा उगम रापा नुई म्हणजे ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूत आहे. त्याचा पाठपुरावा केला सुरेन सहगल यांनी. बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेला आणि पुढे कॅनडात गेलेला हा शास्त्रज्ञ. कंपनीने काम गुंडाळायचं ठरवलं तेव्हाही त्यांनी तो जिवाणू जपून ठेवला, आणि 1999 मध्ये हे औषध किडनी प्रत्यारोपणासाठी अमेरिकेत मंजूर झालं. आज इतक्या पेशंटना ते लिहून देताना त्या चिकाटीबद्दल मला फार आदर वाटतो.

तर पॉलिसिस्टिक किडनीसाठी 2010 मध्ये दोन चाचण्यांचे निकाल एकदमच आले. सिरोलिमसने 18 महिन्यांत किडनीचा आकार वाढायचा थांबला नाही. त्याच्याच जातीच्या एव्हरोलिमसने दोन वर्षांत आकाराची वाढ मंदावली, पण किडनीचं काम घसरायचं ते घसरतच राहिलं. याच आजारात दुसरीकडून केलेला प्रयत्न यशस्वी झाला. टॉल्व्हाप्टन व्हॅसोप्रेसिन या हॉर्मोनचा रिसेप्टर अडवतं, त्यामुळे पेशीत निरोप पोचवणारं सायक्लिक एएमपी कमी बनतं आणि प्रोटीन कायनेज ए शांत राहतं. 2012 च्या चाचणीत गाठींची वाढ आणि किडनीच्या कामाची घसरण दोन्ही मंदावल्या. तहान फार लागते, रात्री सारखं उठावं लागतं, यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. तरी ते काम करतं.

मधुमेही किडनीत तर एमटॉरचा आणखी एक पेच आहे. प्राण्यांच्या पोडोसाइटमध्ये एमटॉर अति झालं की मधुमेहासारखा बिघाड होतो आणि ते पूर्ण काढून टाकलं तरी गाळणी गळायला लागते. माणसांतही सिरोलिमसवर असलेल्या काही पेशंटच्या लघवीत प्रथिनं वाढलेली आम्ही पाहतो. जास्त झालं तरी वाईट आणि कमी झालं तरी वाईट अशा एन्झाइमला सरसकट अडवणं धोक्याचंच.

यातून मी एकच गोष्ट घेतली आहे आणि पेशंटला औषध लिहिताना ती डोक्यात असते. पेशीच्या आत निरोपांचे रस्ते अनेक आहेत आणि ते एकमेकांना जोडलेले आहेत. माजिवड्याला घोडबंदर रोड अडवला म्हणून गाड्या घरी बसत नाहीत, त्या सर्व्हिस रोडने आणि कोलशेतकडून वाट काढतात. प्रोटीन कायनेज सी अडवलं तर पी-38, जॅक, आरओसीके अशी दुसरी कायनेजं तोच निरोप पोचवतात, कारण मूळ भार तसाच आहे: गाळणीतला दाब, साखर, मीठ. किडनीची वर्षं वाढवणारी आजची बहुतेक औषधं हा मूळ भार उतरवणारी आहेत. भार उतरला की आतली डझनभर कायनेजं आपोआप निवतात. म्हणून एखाद्या औषधाने अमुक एन्झाइम अडवलं किंवा लघवीतलं प्रथिन उतरलं एवढ्यावर मी खूश होत नाही. किती लोकांचं डायलिसिस लांबलं ते विचारते.

या कसोटीला उतरलेली औषधं सांगते. लोसार्टनची मोठी चाचणी 2001 ची. टाइप 2 मधुमेह आणि किडनीचा आजार असलेल्यांत डायलिसिसपर्यंत पोचण्याचा धोका 28 टक्क्यांनी कमी झाला. पण तिथे डोस 50 ते 100 मिलिग्रॅम होता. तुमच्या वडिलांना 25 वर ठेवलेलं आहे, रक्तदाब 150 असताना. पोटॅशियम परवानगी देत असेल तर हा डोस वाढवण्याबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला. नव्या कॅप्सूलच्या आधी हे व्हायला हवं.

दुसरा गट एसजीएलटी-2 (किडनीत साखर परत उचलणारं प्रथिन) अडवणाऱ्या औषधांचा, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे. ती तुमच्या यादीत दिसत नाहीत, याचं मला आश्चर्य वाटलं. किडनी रोज 180 लिटरच्या आसपास पाणी गाळते आणि त्यातली जवळजवळ सगळी साखर परत उचलते. साखर उचलताना सोबत सोडियमही उचललं जातं. मधुमेहात हे उचलणं वाढतं, त्यामुळे गाळणीला जोडलेल्या नलिकेच्या पुढच्या भागात सोडियम कमी पोचतं. तिथल्या पेशींचा समज होतो की गाळणं कमी पडतंय, म्हणून गाळणीत येणारी रक्तवाहिनी सैल होते आणि गाळणीतला दाब चढतो. हे औषध ती साखळी तोडतं. सोडियम पुढे पोचतं, येणारी रक्तवाहिनी आवळते, दाब उतरतो. शिवाय नलिकेच्या पेशींचं उपसण्याचं काम हलकं होतं. मधुमेही प्राण्यांमध्ये ही औषधं दिल्यावर या पेशींमधलं एमटॉर शांत झालेलं दिसलं आहे. म्हणजे नातवाला जे एन्झाइम अडवायचं आहे ते त्याला हातही न लावता निवतं. 2019 मध्ये याच गटातल्या कॅनाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत किडनी निकामी होण्यासारख्या गंभीर घटना 30 टक्क्यांनी कमी झाल्या. 2020 मध्ये डापाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत, 4304 पेशंटमध्ये, हा धोका 39 टक्क्यांनी उतरला, आणि त्यात मधुमेह नसलेलेही होते. डापाग्लिफ्लोझिनच्या स्वस्त देशी आवृत्त्या 2020 च्या अखेरपासून आणि एम्पाग्लिफ्लोझिनच्या 2025 पासून आपल्याकडे मिळतात.

ही औषधं सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वाढतं. लोसार्टनचा डोस वाढवल्यावरही तसंच होतं. गाळणीतला दाब उतरल्याची ती खूण असते. 30 टक्क्यांपर्यंतची वाढ आम्ही सहसा चालवून घेतो. घरच्यांनी रिपोर्ट पाहून घाबरून गोळी बंद केली, असं माझ्याकडे वरचेवर घडतं आणि त्याचं फार वाईट वाटतं, कारण नेमकं किडनी वाचवणारं औषध सुटतं. तिसरं औषध फिनेरेनोन, तेही 2020 मध्ये याच कसोटीला उतरलं. पण त्याने पोटॅशियम वाढतं, म्हणून ते मी आधीच्या दोन्हींची घडी बसल्यावरच विचारात घेते.

मिठाबद्दल जरा रेंगाळते, कारण कायनेजांचं जग आणि आपलं ताट इथे समोरासमोर येतात. किडनीच्या नलिकेत डब्ल्यूएनके नावाची कायनेजं असतात. 2001 मध्ये येल विद्यापीठातल्या रिचर्ड लिफ्टन यांच्या गटाने दाखवलं की यांच्या जनुकांत बिघाड असलेल्या कुटुंबांत तरुणपणीच रक्तदाब आणि पोटॅशियम दोन्ही वाढतात. पुढच्या संशोधनात या एन्झाइमांचं काम हळूहळू उलगडलं. रक्तात पोटॅशियम कमी झालं की नलिकेच्या पेशीतलं क्लोराइड उतरतं. क्लोराइड या कायनेजाला चिकटून त्याला गप्प ठेवत असतं. ते उतरलं की कायनेज सुटतं, मीठ परत उचलणाऱ्या प्रथिनाला फॉस्फेट लागतो आणि शरीर मीठ धरून ठेवायला लागतं. म्हणजे भाज्या-फळं कमी आणि मीठ जास्त असं जेवण असेल तर रक्तदाब दोन्ही बाजूंनी चढतो. किडनी चांगली असलेल्या माणसाला म्हणूनच मी पोटॅशियम भरपूर खायला सांगते.

तुमच्या वडिलांना मात्र हेच सरळ सांगता येत नाही. क्रिएटिनिन 1.8 वरून त्यांचा ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या ताकदीचा अंदाज, 41 च्या आसपास निघतो. त्यावर लोसार्टन. पोटॅशियम बाहेर टाकण्याची त्यांची ताकद मर्यादित आहे. म्हणून सुपरमार्केटमध्ये 'लो सोडियम' म्हणून मिळणारं मीठ त्यांना देऊ नका, त्यात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम क्लोराइड असतं. सैंधव हाही उपाय नाही, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. साधंच मीठ, पण दिवसभरात सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे एक छोटा चमचा. यात लोणचं, पापड, फरसाण आणि वडापावची चटणी आलीच. ऐरोली, घणसोली, कोपरी या पट्ट्यातल्या आगरी-कोळी घरांत पावसाळ्यात सुकट, सोडे, सुके बोंबील चालू होतात. ते खाणं माझ्या पेशंटचं जिवाभावाचं असतं हे मला ठाऊक आहे. सुकी मासळी गरम पाण्यात भिजवून ते पाणी दोनदा ओतून द्या, कालवणात वरून मीठ घालू नका आणि महिन्यातून क्वचितच करा, एवढी तडजोड मी करते.

आता ज्या एन्झाइममुळे ठाण्या-नवी मुंबईत माझ्यासमोर सगळ्यात जास्त किडन्या अचानक कोलमडतात ते सांगते. ते कायनेज नाही. ते आहे सायक्लोऑक्सिजनेज, थोडक्यात कॉक्स. त्यातून प्रोस्टाग्लँडिन बनतात आणि पेशी शेजारच्या पेशींशी त्यांच्या भाषेत बोलतात. किडनीत पाणी कमी पडलं की हीच प्रोस्टाग्लँडिन गाळणीत येणारी रक्तवाहिनी उघडी ठेवतात. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं हे एन्झाइम अडवतात, हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवलं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही सगळी याच कामाची, आणि कॉक्स-2 पुरती मर्यादित असलेली नवी वेदनाशामकंही किडनीच्या बाबतीत सुरक्षित नाहीत. लोसार्टनने गाळणीतून बाहेर जाणारी वाहिनी सैल केलेली असते. त्यात वेदनाशामकाने येणारी वाहिनी आवळली, त्यात लघवी वाढवणारी गोळी किंवा जुलाब होऊन पाणी कमी झालं, की गाळणीत दाबच उरत नाही. ऑगस्टमध्ये गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळ्यांची पट्टी, आणि चार दिवसांनी लघवी बंद. हा प्रसंग माझ्या कामात इतका नित्याचा आहे की मी प्रत्येक चिठ्ठीवर वेदनाशामकांची नावं काट मारून लिहून देते. दुखलं तर पॅरासिटामॉल. हृदयासाठी रोज 75 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर मात्र ते स्वतःहून बंद करायचं नाही, त्या डोसचा हिशोब वेगळा आहे.

फॉस्फेटेजबद्दल थोडंसंच. कॅल्सिन्यूरिन हे फॉस्फेटेज रोगप्रतिकार करणाऱ्या टी पेशींना हल्ल्याचा हुकूम पोचवतं. सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस ते अडवतात आणि त्यावर आजचं किडनी प्रत्यारोपण उभं आहे. तीच औषधं किडनीच्या रक्तवाहिन्या आवळतात, मीठ उचलणाऱ्या त्या प्रथिनावरचा फॉस्फेट टिकवून ठेवतात आणि रक्तदाब चढवतात. प्रत्यारोपण झालेल्यांच्या रक्तात त्यांची पातळी आम्ही वारंवार मोजतो ती म्हणूनच. कर्करोगाच्या औषधांत तर कायनेज अडवणाऱ्या गोळ्यांचा मोठा वाटा आहे. त्यांतल्या सुनिटिनिबसारख्या काही गोळ्या रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनाचा निरोप तोडतात. पोडोसाइट हाच व्हीईजीएफ सोडून गाळणीच्या केशवाहिन्या जपतात, त्यामुळे या पेशंटमध्ये रक्तदाब वाढतो आणि लघवीत प्रथिन येतं. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग केंद्रात किंवा इतरत्र असे उपचार घेणाऱ्यांनी घरी रक्तदाब मोजावा आणि लघवीची तपासणी चुकवू नये.

एन्झाइम अडवून कधीच फायदा होत नाही, असा समज मात्र नातवाचा व्हायला नको. किडनीच्या आजारातला रक्तक्षय पाहा. ऑक्सिजनची पातळी जोखणारं प्रोलिल हायड्रॉक्सिलेज नावाचं एन्झाइम आहे. ते अडवलं की पेशीला ऑक्सिजन कमी असल्यासारखं वाटतं आणि शरीर रक्तातल्या लाल पेशी बनवायला सांगणारं एरिथ्रोपोएटिन वाढवतं. ज्या संशोधनातून हे आलं त्याला 2019 चं नोबेल मिळालं, आणि या जातीचं डेसिडुस्टॅट हे झायडसने भारतात विकसित केलेलं औषध 2022 मध्ये आपल्याकडे मंजूर झालं. इथे एन्झाइमच्या हाती मोजकं काम आहे, म्हणून अडवण्याचा हिशोब जमतो. तरी तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं.

कॅप्सूलचं आता सांगते. दारुहळदीत बर्बेरिन असतं. ते प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये एएमपीके हे कायनेज जागं करतं, हे खरं आहे. एएमपीके पेशीत ऊर्जा कमी पडली की जागं होतं आणि एमटॉरला आवर घालतं, हेही खरं. मधुमेही किडनीत ते मंदावलेलं असतं. इथवर जाहिरातीत खोटं काही नाही. पण बर्बेरिनने माणसाचं डायलिसिस लांबतं, हे दाखवणारी एकही मोठी चाचणी नाही. शिवाय ते यकृतातली औषधं मोडणारी एन्झाइम्स अडवतं. प्रत्यारोपण झालेल्यांमध्ये त्याने सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी वाढल्याची नोंद आहे. तुमचे वडील अम्लोडिपिन घेतात, तेही त्याच वाटेने शरीराबाहेर जातं. आणि बाटलीत अर्काशिवाय आणखी काय आहे हे कुणी तपासलेलं नाही. एएमपीके जागं करायची इतकीच इच्छा असेल तर रोज अर्धा-पाऊण तास चालणं हा त्याचा पक्का मार्ग आहे. पाम बीच रोडपर्यंत जायची गरज नाही, सोसायटीच्या आवारात चाललं तरी स्नायूंमधलं एएमपीके जागं होतं.

मेटफॉर्मिनही आडवाटेने एएमपीकेपर्यंत पोचतं. पण ईजीएफआर 30 ते 45 च्या मध्ये असताना दिवसाला 1000 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये आणि 30 च्या खाली गेल्यास ते बंदच करावं. वडील 2000 घेत आहेत. या आठवड्यातच डॉक्टरांना भेटून हा डोस कमी करून घ्या. या सगळ्या पत्रातली सगळ्यात घाईची गोष्ट हीच आहे.

बाकी क्रम असा ठेवा. डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. इतकं प्रथिन जात असताना पडद्यावर मधुमेहाची काहीच खूण नसेल तर किडनीचा आजार वेगळाच असू शकतो आणि मग बायोप्सीचा विचार करावा लागतो. गेल्या दोन-तीन वर्षांतले क्रिएटिनिनचे जुने कागद शोधा, घसरण किती वेगाने होते आहे ते त्यातूनच कळतं. लोसार्टनचा डोस वाढवला किंवा डापाग्लिफ्लोझिन सुरू केलं तर दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा पाहा, आणि तीन महिन्यांनी लघवीतलं अल्ब्युमिन. डापाग्लिफ्लोझिनवर असताना एकादशी-नवरात्राचे कडक उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत, साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. लघवीच्या जागेची स्वच्छता ठेवा, बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. उलट्या-जुलाब झाले, ताप येऊन खाणंपिणं सुटलं, तर मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन आणि लोसार्टन तेवढे दिवस थांबवायच्या का, हे त्याच दिवशी फोन करून विचारा. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालून आल्यावर ताप, अंगदुखी आणि लघवी कमी असं झालं तर लेप्टोस्पायरोसिसची (लेप्टो) शंका घेऊन थेट रुग्णालयात जा, घरी वेदनाशामक देऊ नका. आणि लोसार्टनचा डोस वाढल्यानंतरच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम 5.5 च्या वर आलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता तो कागद लगेच डॉक्टरांना दाखवा.